पत्ता न सांगणाऱ्यांस

प्रति,
आमच्या गल्लीतील सर्व रहिवासी, शेजारच्या तालमीचे कार्यकर्ते,
तसेच कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील आमचे देणगीदार आणि हितचिंतक यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

या महिन्यात आमच्या महिला निवारागृहाला 25 वर्षे पूर्ण होत आहेत. रौप्यमहोत्सव म्हटला की सभागृह, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, स्मरणिका आणि स्मरणिकेसाठी गोळा करायच्या जाहिराती असा सगळा क्रम डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही महिन्यांत त्याविषयी आपुलकीने विचारलेही. त्यांपैकी आम्ही काहीही करणार नाही. ज्या घराचा पत्ता बाहेर कुणाला कळू नये यासाठी इतकी वर्षे आटापिटा केला, त्याच घरापुढे मांडव घालून लाऊडस्पीकर लावणे कसे जमेल? म्हणून व्यासपीठावरून जे आभार मानायचे ते या पत्रातून मानत आहे, आणि त्यासोबत एक मागणेही आहे, ते पुढे येईलच.

पहिले आभार गल्लीचे, आणि ते एका न केलेल्या गोष्टीबद्दल आहेत. या 25 वर्षांत आपण आमचा पत्ता कुणालाही सांगितला नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानपट्टीवर, दूध घ्यायला उभ्या राहिलेल्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात, जिथे गावातली प्रत्येक बातमी संध्याकाळपर्यंत पोहोचते, तिथे हा एक विषय आपण बोलण्यातून वगळलात. कोल्हापुरात पत्ता न सांगणे किती अवघड आहे हे कोल्हापूरकरालाच कळेल. इथे रस्ता विचारणाऱ्याला नुसती दिशा दाखवून कुणी थांबत नाही, गाडीवर मागे बसवून दारापर्यंत सोडतो. त्या स्वभावाला आपण एका घरापुरती मुरड घातलीत.

सुरुवात अशी नव्हती, हेही आज लिहिले पाहिजे. पहिल्या वर्षी याच गल्लीतून आमच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज गेला होता. ‘कुठल्या कुठल्या बायका येऊन राहणार, पोलीस येणार, वस्तीचे नाव खराब होणार,’ असे त्यात होते. त्या अर्जाची प्रत अजून आमच्या कपाटात आहे. ज्यांच्या त्यावर सह्या होत्या, त्यांपैकी काही जण आज आमचे नियमित देणगीदार आहेत, आणि हे वाचताना ते गालात हसतील याची मला खात्री आहे.

हा बदल आमच्या समजावण्याने झाला नाही. तो मिरचीने केला. दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या अखेरीस, समोरच्या काकूंच्या गच्चीवर वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत पडल्या होत्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. त्या वर्षी त्यांच्याकडे कार्य होते, त्यामुळे चटणी नेहमीच्या दुप्पट, आणि देठ खुडायला हात कमी. दुपारी त्या रस्ता ओलांडून आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, “तुमच्यातल्या चार जणी येतील काय देठ काढायला? च्या मी करतो.” आमच्याकडच्या पाच जणी गेल्या. त्यांतली एक महिनाभर कुणाशी एक शब्द बोललेली नव्हती. देठ खुडता खुडता तिने काकूंना सांगितले की खोबरे इतके लाल भाजू नये, चटणी लवकर खवट होते. काकूंनी कढई खाली उतरवली आणि ‘मग किती भाजायचं ते दाव,’ म्हणून झारा तिच्या हातात दिला. संध्याकाळी डंकावरून चटणी कुटून आली तेव्हा काकू एक बरणी घेऊन आमच्याकडे आल्या, आणि त्या दिवशी त्या उंबरा ओलांडून आत बसल्या. त्यानंतर गल्लीत कुणाच्याही घरी चटणीचा घाट असला की आमच्याकडे निरोप येतो.

दार वाजवण्याची रीतही आपण अशीच न सांगता शिकलात. दारावर जोराने थाप पडली की आमच्याकडे काय होते हे बाहेरच्यांना दिसत नाही: कुणी कोपऱ्यात जाऊन बसते, कुणी पोराला उचलून मागच्या खोलीत पळते. एकदा एका लहान मुलीने हातातली ताटली टाकून दिली आणि ती कॉटखाली शिरली. ते पाहिल्यावर पेपर टाकणाऱ्या मुलाने आपल्या मनाने ठरवले, की दोनदा हळू वाजवायचे आणि लगेच आपले नाव सांगायचे. पुढे गॅस सिलिंडरवाल्यापासून वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांपर्यंत सगळे तसेच करू लागले. आमच्या दाराला बेल आहे, पण तिचा उपयोग गल्लीत कुणी करत नाही.

तालमीतल्या कार्यकर्त्यांविषयी एक प्रसंग सांगते, असे म्हणण्याचा मोह होतो, पण प्रसंग बरेच आहेत. त्यांतला एकच लिहिते. एका बाईचा नवरा, प्यालेला, रात्री साडेदहाला गल्लीत आला आणि तिच्या नावाने ओरडू लागला. त्याला गल्ली कळली होती, घर कळले नव्हते. कट्ट्यावर बसलेली मुले उठली. कुस्तीच्या मातीत वाढलेली ती पोरे आता याला उचलून आपटणार, या भीतीने मी खिडकीआड उभी होते, कारण तसे झाले असते तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात फिर्यादी तो ठरला असता. पण त्यांतला एक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पावणं, तुमची चूक झालीया. हितं असलं कोण राहत न्हाई. चला, तुमास्नी स्टँडवर सोडतो.” आणि खरोखरच दोघांनी त्याला मध्ये बसवून मध्यवर्ती बसस्थानकावर नेले, गाडीत चढवले आणि गाडी सुटेपर्यंत तिथे थांबले. तीन जणांनी एका गाडीवर बसू नये हा भाग वेगळा.

पत्ता फुटला की काय होते, याचाही अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने आम्हाला धान्य दिले. देणगी चांगली होती, माणसेही चांगली होती. जाताना त्यांनी पोत्यांजवळ आमच्या बायकांना उभे करून फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. चौथ्या दिवशी एका बाईचा दीर आणि आणखी दोघे गल्लीच्या तोंडाशी उभे होते. तिला मागच्या दाराने काढून त्याच रात्री दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावे लागले, आणि तिच्या मुलाचे नुकतेच सुरू झालेले दुसरीचे वर्ष तिथेच मोडले. तेव्हापासून आमच्याकडे फोटोला मनाई आहे. त्यामुळे नाराज होऊन परत गेलेले देणगीदार थोडे आहेत. ज्यांनी आनंदाने मोबाईल खिशात ठेवला ते फार आहेत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

आमच्या कामाला कायद्याने दिलेला आधार या काळात कसा बदलला, हे हितचिंतकांना ठाऊक असावे असे वाटते. आम्ही दार उघडले तेव्हा मार खाऊन आलेल्या बाईपुढे कायद्याच्या मुख्यतः दोन वाटा होत्या: भारतीय दंड विधानात 1983 साली आलेले कलम 498-अ, आणि पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125. पहिलीने नवऱ्यावर गुन्हा दाखल होई, दुसरीने महिन्याची काही रक्कम मिळण्याची आशा असे. पण ‘आज रात्री मी कुठे झोपू?’ हा तिचा प्रश्न दोन्ही वाटांना ऐकूच येत नव्हता. घर नवऱ्याचे, तिथून तिला बाहेर काढले, विषय संपला. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि पहिल्यांदाच ‘राहते घर’ हा शब्द बाईच्या बाजूने बोलू लागला. कलम 17 ने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला. कलम 19 खाली न्यायालय तिला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकते, आणि गरज पडल्यास तशाच दुसऱ्या जागेची सोय करण्याचा किंवा तिचे भाडे भरण्याचा आदेशही नवऱ्याला देऊ शकते. सासऱ्यांच्या नावावरचे घरही ‘सामायिक घर’, म्हणजे कायद्याच्या भाषेत तिचे राहते घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केल्यावर ‘घर माझ्या बापाच्या नावावर आहे’ या नेहमीच्या उत्तराची धार बरीच बोथट झाली.

कागदावर पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा, असे हाच कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या बाकांना विचारावे. त्या बाकांवर आमच्या बायकांशेजारी फी न घेता बसलेल्या वकील भगिनी-बांधवांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला कळत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, त्यामुळे वरच्या न्यायालयातल्या एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून, कडेवर मूल घेऊन मुंबई गाठण्याची पाळी आता येत नाही. या बेंचसाठी वर्षानुवर्षे आंदोलन करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या बायका कदाचित नसतीलही, तरी लाभ त्यांनाही झाला आहे.

मदत कोणकोणत्या रूपांत आली ते सांगायचे तर रोख रकमेपेक्षा मला काही वेगळ्याच गोष्टी आठवतात. घरातून निघालेल्या बाईजवळ बहुधा अंगावरचे लुगडे, पोर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले दोन-तीन कागद असतात. आधार कार्ड असले तरी त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक नवऱ्याचा असतो. ती बँकेत किंवा सरकारी कामाला गेली की ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, आणि ती आज कुठे काय करते आहे हे त्याला बसल्या जागी कळते. हे आमच्या लक्षात येण्याआधी एका सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाच्या लक्षात आले. तेव्हापासून आमच्याकडे आलेली बाई सावरली की तिला आधी आधार केंद्रावर नेऊन बोटांचे ठसे देऊन नवा क्रमांक जोडून घ्यायचा, बाकीची कामे मग, हा क्रम त्याने आम्हाला घालून दिला. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शाळा सोडल्याचा दाखला नसताना आमची मुले वर्गात बसवली. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, पण कायद्यात असणे आणि बाईंनी हजेरीपटावर नाव लिहिणे यांत अंतर असते, ते त्यांनी एका सकाळी ओलांडले. सीपीआर रुग्णालयाच्या परिसरात रात्री उभे राहणारे काही रिक्षावाले आमच्याकडच्या बाईला कुठे सोडायचे असले तर मीटर पाहत नाहीत.

एक सूचना मात्र रागाने नव्हे, मोकळेपणाने करते. जुने कपडे आता नकोत. फाटके काठ आणि विरलेल्या साड्या पोत्यांनी येतात, आणि घर सोडून आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी दुसरीचे टाकलेले नेसावे लागते. त्याऐवजी नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, एसटीचे भाडे आणि झेरॉक्सचे पैसे द्यावेत. झेरॉक्सवर आमचा किती खर्च होतो हे सांगितले तर आपला विश्वास बसणार नाही.

ऑगस्ट 2019 च्या महापुराचा उल्लेख केल्याशिवाय गल्लीचे आभार पुरे होणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेले. आमचे घर थोड्या चढावर असल्याने कोरडे राहिले, आणि खालच्या अंगाच्या घरांतून बायका-मुले आमच्याकडे आली. आमच्या घरात पुरुषांना प्रवेश नाही. त्यांनी तालमीत पथारी टाकली आणि जेवणाचे डबे आमच्या स्वयंपाकघरातून गेले. शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, कळशीभर पाण्यात पंचवीस माणसांची सकाळ उरकत होती. त्या रात्री सतरंजीवर कोण आश्रयाला आलेली आणि कोण शेजारीण, हे ओळखू येत नव्हते. त्यांपैकी एक आजी, जिची सही त्या जुन्या अर्जावर होती, मला म्हणाली, “रात्रीचं घर सोडून निघायला काय लागतंय ते आज कळलं बघ.”

आता मागण्याकडे येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत असे दिसले, की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या देशभरात अवघ्या 14 टक्के आहेत, आणि त्याही बहुतेक करून माहेरच्यांकडे जातात. आमच्यापर्यंत येते ती माहेरचेही दार लागलेली बाई. ती आमच्याकडे काही महिने राहते, शिवणकाम शिकते किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, इचलकरंजीच्या गारमेंटमध्ये काम मिळवते, हाती पगार येतो. इथपर्यंत आपण सगळ्यांनी मिळून तिला आणलेले असते. आणि मग ती भाड्याची खोली शोधायला बाहेर पडते.

गेल्या वर्षी अशाच एका बाईबरोबर मी स्वतः फिरले. डिपॉझिट तिच्या पर्समध्ये तयार होते. आम्ही अकरा खोल्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी भाडे, पाण्याची वेळ, मीटर वेगळे की एकत्र हे सगळे बोलणे व्यवस्थित होई, आणि मग घरमालकीणबाई हसऱ्या चेहऱ्याने विचारीत, “मिस्टर काय करतात?” खरे सांगितले की खोली त्याच क्षणी ‘पाहुण्यांना देऊन टाकलेली’ असे. एकीने तर ‘एकट्या बाईला दिली की गल्लीत चर्चा होते’ असे तोंडावर सांगितले. बाराव्या ठिकाणी ती माझ्याआधी बोलली: “मिस्टर दुबईला असतात.” खोली मिळाली. दोन महिन्यांनी खरे काय ते कळले आणि सामानासकट ती पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. दोनदा हळू वाजवून तिने स्वतःचे नाव सांगितले.

ज्या शहरात 1901 साली शाहू महाराजांनी पहिले वसतिगृह उभे केले आणि पुढे प्रत्येक समाजाच्या मुलांसाठी अशी वसतिगृहे उभी राहिली, ज्या संस्थानाने 1919 साली, म्हणजे कलम 498-अ येण्याच्या 64 वर्षे आधी, स्त्रियांना क्रूरपणे वागवणे कायद्याने गुन्हा ठरवले, त्या शहरात ही पाळी यावी याचे मला वाईट वाटते. दसरा चौकाच्या आसपासच्या त्या बोर्डिंगांनी खेड्यातल्या पोराला छप्पर दिले म्हणून पिढ्या शिकल्या. ती छपरे प्रामुख्याने मुलांसाठी होती. बाईसाठी एका खोलीचे छप्पर मागायला आम्ही 25 वर्षे लावली, हा आमचाही दोष आहे.

मागणे असे, की आपल्यापैकी ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे, त्यांनी ती आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या बाईला द्यावी आणि मिस्टरांची चौकशी करू नये. 11 महिन्यांचा रीतसर करार होईल, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली जाईल, भाडे तिचे ती भरेल, आणि पहिल्या वर्षी एखादा महिना चुकला तर तो संस्था भरेल, हे आम्ही लेखी देतो. आमची कार्यकर्ती महिन्यातून एकदा येऊन जाईल. खोलीचा पत्ता आम्ही कुणाला सांगणार नाही, त्या बाबतीत आपल्याकडूनच शिकलो आहोत.

तालमीच्या कार्यकर्त्यांना आणि अपार्टमेंटच्या सोसायट्यांना आणखी एक विनंती आहे. मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवावासा वाटला. ठराव एका पानाचा असतो, एका बैठकीत होतो. ‘आमच्या गल्लीत, आमच्या इमारतीत एकट्या बाईला, ती एकटी आहे एवढ्या कारणाने, खोली नाकारली जाणार नाही’ असा ठराव आपल्या पुढच्या बैठकीत आला, तर रौप्यमहोत्सवाची शाल आमच्या खांद्यावर पडली असे आम्ही समजू.

वर्धापनदिनाला आमच्याकडे झुणका-भाकरी आणि यंदाची नवी चटणी आहे. गल्लीतल्या सगळ्या बायका-मुलांनी जेवायला यावे, पुरुषांचे डबे नेहमीप्रमाणे तालमीत पोहोचतील. देणगीदारांपैकी ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी पावतीवरच्या क्रमांकावर फोन करावा. गल्लीतल्यांनी फोन करण्याची गरज नाही. दोनदा हळू वाजवावे आणि नाव सांगावे.

कळावे, लोभ असावा,

आपली,
निवारागृहाची अधीक्षिका
कोल्हापूर